चष्मेवाला, त्याची बायको आणि दोन वायरलेस

बाजाराच्या मागच्या गल्लीत, पायऱ्या उतरून आत जावं लागतं अशा एका गाळ्यात चष्म्याचं दुकान होतं. भिंगं फ्रेमच्या मापाला घासायची, दांड्या वाकवून कानावर नीट बसवायच्या, आणि हे सगळं चालू असताना बोलत राहायचं, हा तिथल्या चष्मेवाल्याचा धंदा. गिऱ्हाईक डोळे तपासायला खुर्चीत बसलं, की 'खालची ओळ वाचा' म्हणेपर्यंत त्याचं गटारांपासून चंद्रावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळं सांगून झालेलं असे. गल्लीत त्याला सगळे 'भिंग' म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. उगाच कुणाला कोणी टोपणनाव देत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याची बायको घरी पडदे शिवायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराची मोठी खिडकी बंदराच्या बाजूला उघडायची. त्या खिडकीशीच तिचं शिलाई मशीन. ती कमी बोलायची. 'आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे,' असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे, तीही हसायची.

एके दिवशी दुकानात एक उंच, किडकिडीत गृहस्थ आला. बारीक तारा डाग देऊन जोडताना जवळचं दिसत नाही, अशी त्याची तक्रार. त्याच्या कमरेला मुठीत मावेल एवढा काळा सेट लटकत होता आणि त्याला आखूड रबरी शेपूट होतं. चष्मेवाला भिंग लावून बघत असतानाच सेट खरखरला आणि त्यातून कोणीतरी म्हणालं, "नवी एरियल चढवली आहे, आवाज कसा येतोय?"

"हा फोन कुठल्या कंपनीचा?" चष्मेवाल्याने विचारलं.

"फोन नाही हो. हॅम रेडिओ. मी इथल्या क्लबचा सेक्रेटरी. याला कंपनी लागत नाही, बिल येत नाही. मी बोलतो, समोरचा ऐकतो. मधे फक्त हवा."

चष्मेवाल्याच्या हातातलं भिंग हातातच राहिलं. दुकानात येईल त्याच्याशीच बोलायची आजवर सोय होती. इथे अख्ख्या आभाळाशी बोलायची सोय निघाली.

सेक्रेटरीने सल्ला दिला तो साधा. सुरुवातीला स्वस्तातला हातसेट पुरे, महागड्याच्या नादाला लागू नका. परीक्षा द्या, लायसन्स घ्या. ते येईपर्यंत हे बाजूचं बटण दाबायचं नाही, नुसतं ऐकायचं. "आधी कान, मग तोंड," तो म्हणाला. समोरच्या माणसाला हे किती जड जाणार, याची त्याला कल्पना नव्हती.

सेट आले ते जोडीनेच, एका खोक्यात दोन. सोबतची माहितीपुस्तिका यंत्राने भाषांतर केलेली. 'बोलताना तोंड एक श्वास लांब उभे करावे' असं त्यात एक वाक्य होतं. चष्मेवाल्याने त्यावर बराच खल केला. शेवटी बायको म्हणाली, "सेट तोंडापासून थोडा लांब धरा म्हणत असतील." तसंच होतं ते.

परीक्षेचा अभ्यास खिडकीशी व्हायचा. ती पडद्याच्या कडा दुमडता दुमडता पुस्तकातला प्रश्न वाचायची आणि तो येरझाऱ्या घालत उत्तर द्यायचा. उत्तर लांबायचं, भलतीकडे जायचं, मग ती पुस्तकातलं उत्तर वाचून त्याला परत रुळावर आणायची. एकदा सेक्रेटरी घरी आला, त्याने हा प्रकार पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हीही परीक्षेला बसा की. तुमचं तर सगळं पाठ झालंय."

"बसवा, बसवा," चष्मेवाला उदार मनाने म्हणाला. "तेवढीच तिला हौस."

निकाल लागला. वहिनींचा एकही प्रश्न चुकला नव्हता. भिंगसाहेब पास झाले होते. गल्लीत त्याने 'आम्ही दोघं पास झालो' असं सांगितलं आणि विषय बदलला.

शहरामागच्या टेकडीवर क्लबचं एक यंत्र होतं, त्याला रिपीटर म्हणायचे. हातसेटचा अशक्त आवाज पकडायचा, बळकट करायचा आणि लांबवर फेकायचा, हे त्याचं काम. संध्याकाळी दिवेलागणीला सगळे त्यावर जमत. लायसन्स आल्यावर पहिल्या संध्याकाळी चष्मेवाला तयारीनेच बसला. बटण दाबलं, आपला परवाना क्रमांक सांगितला आणि सुरू झाला. दुकान कुठे आहे, काच आणि प्लास्टिकच्या भिंगात फरक काय, रेडिओची आवड आपल्याला खरं म्हणजे लहानपणापासून कशी होती. बोलून झाल्यावर त्याने बटण सोडलं आणि कौतुकाची वाट पाहिली.

"भिंग," सेक्रेटरीचा आवाज आला, "तुम्ही काचेपर्यंत पोचला होता, तेवढ्यात रिपीटरने तुम्हाला तोडलं. एकच माणूस फार वेळ बोलला की ते आपोआप बंद पडतं. मधे मधे बटण सोडत चला."

मग बायकोने आपला सेट उचलला. बटण दाबून ती क्षणभर थांबली. "मी नवीन आहे," ती म्हणाली. "खिडकीतून बोलतेय. समोर बंदरात एक मोठी बोट वळतेय, फार हळू वळतेय. आवाज येतोय का? ओव्हर." आणि तिने बटण सोडलं.

एकदम तिघे-चौघे बोलायला आले. कुठली बोट, कुठल्या रंगाची, अजून वळतेय का. त्या संध्याकाळी तिचं नाव 'खिडकी' पडलं ते कायमचं.

पहिले काही दिवस चष्मेवाल्याने दोष दुकानाला दिला. दुकान तळघरात, तिथून आवाज काय जाणार कपाळ! मग त्याने तांब्याची तार मापून कापली, बांबूला बांधली, इमारतीच्या गच्चीत उभी केली, आणि संध्याकाळी तिथे जाऊन बोलायला लागला. "भिंग, आता आवाज खणखणीत," सगळे म्हणाले. पण त्याचं सांगून झालं की हवेत एक शांतता पसरायची, आणि मग कोणीतरी हळूच विचारायचं, "बरं, खिडकी आहे का?"

खिडकी असायची. आज धुकं कुठवर आलंय, कोणाच्या गच्चीवर कोण काय वाळत घालतंय, एवढंच ती सांगायची. त्यात विशेष होतं काय, तर काहीच नाही. आणि लोक गुळाला मुंगळे लागावेत तसे जमायचे. ज्या बाईला घरात 'भाजी कशी झालीय' एवढंच विचारता येतं असा त्याचा समज होता, ती हवेत हसायची. हसण्याचा तो आवाज त्याला रेडिओवरच पहिल्यांदा नीट ऐकू आला, आणि ती हसत होती ते दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यावर.

त्यातला एक फारच खुपायचा. बंदरापलीकडे, समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या आड एक बेट होतं आणि तिथे दीपगृह. तिथला जुना राखणदार निवृत्त होऊनही बेटावरच राहत होता. ऐंशीच्या घरातला, एकटा. त्याच्याकडे मोठं यंत्र होतं, उंच डोलकाठी होती आणि आवाज पिंपात बोलल्यासारखा. सगळे त्याला 'आजोबा' म्हणत. आजोबा रोज दुपारी खिडकीला हाक मारायचे. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यावर जळणं शोभत नाही, हे चष्मेवाल्याला कळत होतं. कळत होतं म्हणून जळणं कमी होत नव्हतं.

अशाच एका दुपारी तो दुकानात चाकावर भिंग घासत होता. सेट शेजारी चालू होता. बोलता येत नसलं तरी तळघरात ऐकू थोडंफार यायचं.

"आजोबा, मी तुमचं दीपगृह पाहिलंय," बायकोचा आवाज आला. "शाळेत होते तेव्हा. एक दिवस शाळेला म्हणून निघाले आणि बंदरावर गेले. लाँच सुटत होती, तिच्यात बसले. बेटावर उतरले. वर एक माणूस दोराला लटकून मनोऱ्याला पांढरा रंग देत होता. मला बघून त्याने ब्रश हलवला, मीही हात हलवला. मग उन्हात बसले, परतीच्या लाँचने आले. घरी कुणाला कळलं नाही. ओव्हर."

"म्हणजे पोरी, तू पळून गेली होतीस!"

"हो," ती हसली. "एका दिवसापुरती. आजच सांगतेय कुणालातरी."

चाकाने भिंगाचा कोपरा खाल्ला. पाणी उडालं, काचेचा चुरा उडाला. चष्मेवाला तसाच उभा. लग्नाला तीस वर्षं होत आली. तिच्या गुडघ्यावरचा व्रण कशाचा, तिला कुठल्या कुशीवर झोप लागते, सगळं आपल्याला ठाऊक, असा त्याचा दावा. आणि ती पळून गेली होती! हे आजोबांना कळलं, सेक्रेटरीला कळलं, चॅनेलवर ऐकत बसलेल्या सगळ्या रिकामटेकड्यांना कळलं, आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्यातलाच एक म्हणून, नवऱ्याला कळलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी घरी त्याने काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. ती शिवलेले पडदे द्यायला खालच्या मजल्यावर गेली, तेव्हा त्याने तिचा सेट उचलला.

बोलताना प्रत्येक सेट आवाजाच्या तळाशी एक बारीक गुणगुण सोडतो, कानाला न कळणारी. तिचा सूर ठरलेला असतो. तो जुळला तरच टेकडीवरचा रिपीटर दार उघडतो. सूर बदलला, की तुम्ही घसा फोडा, रिपीटर ढिम्म हलत नाही. तुम्हाला मात्र इतरांचं सगळं ऐकू येत राहतं. चष्मेवाल्याने बायकोच्या सेटचा सूर एका घराने सरकवला आणि सेट होता तिथे, होता तसा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी घरी आला तर ती म्हणाली, "अहो, आज कोणी उत्तरच दिलं नाही."

"असतील कामात."

त्याच्या पुढच्या दिवशी: "आजोबा मला हाक मारत होते. मी इतक्यांदा बोलले. ते आपले हाकच मारत राहिले."

"म्हातारा माणूस, कान गेले असतील," तो म्हणाला. आणि मग, जेवता जेवता, "हे बघ, लोकांना रोज रोज तेच ऐकून कंटाळाही येतो गं."

तिचा घास हातातच थांबला. मग तिने तो खाल्ला. त्या दिवसापासून मशीनचा आवाज तेवढा यायचा. त्याला हवं होतं ते झालं होतं. आता संध्याकाळी गच्चीवर तो होता, त्याची एरियल होती आणि बोलायला मोकळं रान. पण लोक त्याचं बोलणं संपायची वाट बघायचे आणि विचारायचे, "खिडकी कुठे आहे? बरी आहे ना?"

"तिला काय होतंय! ठणठणीत आहे," शेवटी एकदा तो म्हणाला. "तिला आता रेडिओचा कंटाळा आलाय. बायकांचं असंच, चार दिवसांची हौस."

तो खाली आला. मशीन बंद होतं. बायको खिडकीशी बसली होती आणि तिच्यापुढे तिचा सेट चालू होता. त्याचा हिरवा दिवा बघताक्षणी चष्मेवाल्याच्या ध्यानात आलं. बोलणं बंद केलं होतं त्याने, तिचं ऐकणं कुठे बंद केलं होतं?

"मला कंटाळा आलाय म्हणे," ती म्हणाली.

त्याने दार लावून घेतलं.

"तुमचा सेट द्या इकडे."

त्याने दिला. तिने दोन्ही सेट शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक आकडा ताडून पाहू लागली. जोडीचे दोन पडदे सारखे आहेत ना ते ती बघायची, तसंच. सुराशी आल्यावर तिचं बोट थांबलं. तिने तो आकडा होता तिथे आणला आणि सेट बंद केला.

"आपोआप सरकला असेल," तो म्हणाला. स्वतःच्या कानालाही ते पोकळ लागलं.

"आजोबा चार दिवस हाका मारत होते. त्यांना वाटलं असेल, मेली की काय. मला वाटलं, मी काहीतरी वेडंवाकडं बोलले." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "का केलंत?"

खोटं बोलण्याची ताकद संपली की माणूस रागावतो, तसा तो रागावला. "तू पळून गेली होतीस हे मला का नाही सांगितलंस? तीस वर्षांत? त्या म्हाताऱ्याला सांगतेस, सगळ्या जगाला सांगतेस, आणि मी काय वाऱ्यावरचा?"

ती म्हणाली, "सांगायला घेतलं होतं की. लग्नानंतर लगेच, इथेच, या खिडकीत. समोर लाँच चालली होती. मी म्हटलं, 'मी एकदा त्या लाँचने गेले होते.' तुम्ही लगेच लाँचचं इंजिन कसं चालतं ते सांगायला लागलात. जेवण होईपर्यंत चाललं ते. रेडिओवरच्या लोकांना बोलून झाल्यावर बटण सोडावं लागतं. तुम्ही घरात बटण सोडतच नाही हो."

त्या रात्री जेवणानंतरची ताटं चष्मेवाल्याने उचलली. असं पहिल्यांदाच झालं असावं.

मग काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. हवेत मात्र बोलायला लागली. 'सेटमध्ये बिघाड होता,' एवढंच तिने सगळ्यांना सांगितलं. तिने झाकून घेतलं, हे त्याला अपमानाहून जास्त झोंबलं. सेक्रेटरी पुढे एकदा दुकानात येऊन गेला, चष्म्याबद्दल बोलला, बिघाडाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यावरून चष्मेवाल्याने ओळखलं, की त्याला सगळं ठाऊक आहे.

एका रविवारी सकाळी ती तयार होऊन निघाली. खांद्याला पिशवी, हातात सेट.

"बेटावर जातेय. आजोबांनी बोलावलंय. दुपारी मनोऱ्यावरून बोलणार आहे, त्यांच्या मोठ्या यंत्रावरून नाही, माझ्या सेटवरून. जमतं का बघू."

"मी येऊ?"

"नको," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. एकटीनं जायचं होतं, बस.

दुपारी चष्मेवाला गच्चीवर होता. आपण ऐकायला आलो नसून एरियलचा बांबू बघायला आलो आहोत, असं त्याने स्वतःला पटवून पाहिलं. रिपीटरवर सगळे जमले होते. सेक्रेटरी हाका मारत होता, "खिडकी, खिडकी, ऐकू येतंय का?" उत्तर येत नव्हतं. मधे डोंगराचं नाक होतं. एवढ्याशा सेटचा आवाज त्याच्या आडून टेकडीवर पोचणार कसा?

त्या हातसेटच्या स्क्रीनवर दोन ओळी असतात, दोन चॅनेल एका वेळी ऐकायला. खालच्या ओळीवर चष्मेवाल्याने थेट बोलण्याचं चॅनेल लावलं होतं, रिपीटरविना, सेट ते सेट. तिथे खरखर झाली आणि खरखरीच्या आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "...कोणी ऐकतंय का? मी वर आलेय. इथे फार वारा आहे."

त्याने गच्चीच्या कठड्याकडे पाहिलं. दोन गोदामांच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती, आणि पट्टीच्या टोकाला पांढरा ठिपका. त्या फटीतून ती फक्त त्यालाच ऐकू येत होती. साऱ्या शहरात फक्त त्याला.

एक क्षण त्याला ते असंच ठेवावंसं वाटलं. बाकीचे बसू देत हाका मारत. एवढा वेळ ती सगळ्यांची होती, आता थोडा वेळ आपली एकट्याची. अंगठा बटणावर होता.

"मी ऐकतोय," तो खालच्या ओळीवर म्हणाला. "स्पष्ट ऐकतोय. रिपीटरला तू पोचत नाहीस. बोल, मी पुढे सांगतो. ओव्हर."

वाऱ्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "जसंच्या तसं सांगाल?"

"सांगेन."

आणि मग ती दुपार चष्मेवाल्याने दुसऱ्याचं बोलणं बोलण्यात घालवली. ती सांगायची, तो वरच्या ओळीवर जाऊन सगळ्यांना सांगायचा. "खिडकी म्हणते, वरून डोंगराची पाठ दिसते, खालून दिसत नाही अशी झाडं आहेत तिच्यावर." "खिडकी म्हणते, जिन्याला इतका वळसा आहे की डोकं गरगरलं." लोक प्रश्न विचारायचे, तो ते खाली पोचवायचा. मनोऱ्याची भिंत किती जाड असते हे त्याला ठाऊक होतं, दिव्याच्या भिंगाबद्दल तर तो तासभर बोलला असता. दातांखाली जीभ धरून त्याने तिचे शब्द तेवढे पुढे सरकवले. हमालाच्या डोक्यावर दुसऱ्याचं सामान असावं, तसं त्याला वाटत होतं.

"खिडकी म्हणते," तो एकदा अडखळला, "खिडकी म्हणते, आजोबांचा स्वभाव आवाजाहूनही गोड आहे."

हवेत हशा पिकला. त्याचे कान तापले, पण त्याने शब्द गाळला नाही.

मग सेक्रेटरीने विचारलं, "दोराला लटकून ब्रश हलवणारे ते आजोबाच होते का?" चष्मेवाल्याने प्रश्न खाली नेला आणि सेट कानाला लावला.

"नाही," तिचा आवाज आला. "आजोबा त्याच्या पुढच्या वर्षी इथे आले. तो कोणी दुसराच होता. कोण ते त्यांनाही माहीत नाही."

हे मात्र चष्मेवाल्याने इतक्या मोठ्या आणि आनंदी आवाजात पुढे कळवलं, की सेक्रेटरीला विचारावं लागलं, "भिंग, तुम्ही एवढे खूश का?"

ती उन्हं उतरताना परत आली. चेहरा वाऱ्याने लाल झालेला. पाय धुऊन आली, खिडकीशी बसली. तोंडावर आलेले दहा प्रश्न गिळून त्याने एकच विचारला, "मग?" आणि गप्प बसला. ती बराच वेळ सांगत होती. मधे दोनदा त्याला भिंगाविषयी बोलायची उबळ आली. एकदा ती दाबता आली, एकदा नाही.

आता ती अधूनमधून बेटावर जाते आणि तो गच्चीवर जातो. क्लबात नवीन कोणी स्वस्तातला हातसेट घेऊन आलं, की सेक्रेटरी त्याला आधी खिडकीचं बोलणं ऐकायला सांगतो. भिंगाचंही ऐका, पण वेळ असेल तेव्हा, असं म्हणतो. चष्मेवाल्याचं जळणं गेलेलं नाही. परवाच ती आजोबांशी बोलून उठली, हसूनच उठली, आणि एक लांबलचक पडदा कापायला जमिनीवर पसरू लागली. तो दारात उभा होता.

"मला अजून जळफळाट होतो," तो म्हणाला. "तू त्यांच्याशी बोलतेस तेव्हा."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तो पलीकडचा कोपरा धरा. ताणू नका, नुसता धरा."

त्याने धरला.